उरलेले पाच

धाकटीने त्या छोट्याशा खासगी विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला आणि सायकली दुरुस्त करणाऱ्या तिच्या दादाला चेवच आला. "अगं, तिथे शंभरातल्या पंच्याण्णव जणांना घेतात! फाटकातून मांजर आत शिरली तरी तिला हजेरी क्रमांक देत असतील." चिडवायचा खरा, पण ग्रीसचे हात पुसून तिचा अर्ज तीन-तीनदा तपासायचाही. "सही चौकटीत कर. आणि फोटो चिकटवताना नीट बघून चिकटव, बाई!"

अर्ज द्यायला गेली, तर खिडकीतल्या बाई आधी फोटोकडे, मग तिच्याकडे बघून खुदकन हसल्या. "आलीस का एकदाची!" धाकटीला काही उमगेना.

आठवड्याने प्रवेशाचं पत्र आलं. घरभर उड्या मारून झाल्यावर तिने ते दादाच्या नाकासमोर नाचवलं. "काय रे, ज्या पाच जणांना घेत नाहीत, ते असतात तरी कोण?"

दादाने कान खाजवला. "घाईघाईत स्वतःच्या अर्जावर बहिणीचा फोटो चिकटवणारे."

आपल्याला पुढे शिकायचंच नव्हतं, असं हाच दादा तीन वर्षं सगळ्यांना सांगत होता. धाकटी पोट धरधरून हसली, अगदी खाली बसून हसली. मग उठली आणि चुकलाच तर असावा म्हणून आणलेला जादा कोरा अर्ज तिने त्याच्यापुढे ठेवला.

"आण तुझा फोटो. या वेळी मी चिकटवते."