एकच लॉजिक

माझी बायको शिवलीला दवाखान्यात वारल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी शेजारच्या नरसम्माक्का डबा घेऊन आल्या. "तिनंडी अन्ना," जेवा दादा, असं तेलुगूत म्हणाल्या आणि मी जेवेपर्यंत हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शमीमभाभी आल्या. "खा लो भाई, मैं इधरिच खडी हूं." तेव्हापासून रोज हेच.

लेक रुद्राणी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. तिला विचारलं, "दोघींना एकच कसं सुचलं गं?"

"आमच्या कामातबी असंच असतंय की, आप्पा. लॉजिक एकदाच ठरवायचं, मग जावा असो नाहीतर पायथन, सगळ्या भाषांत तेच चालवायचं. 'समोर उभं राहून जेवायला घाला,' असं आईनं दवाखान्यातून दोघींना त्यांच्या-त्यांच्या भाषेत सांगितलेलं."

मला शिवलीलानं भात लावायला शिका म्हणून सांगितलं होतं, मराठीतही आणि कानडीतही.



मी अजून शिकलेलो नाही.