नाव झाकलेला स्कॅन

पडद्यावरच्या मेंदूत आठवणी काजव्यांसारख्या लुकलुकत होत्या. मेंदूचित्र परिषदेचे मावळते अध्यक्ष डॉ. बागवे रिवाजाप्रमाणे आजी-माजी अध्यक्षांपैकी एकाचा स्कॅन, नाव झाकून, वाचत होते. शेजारी नव्या अध्यक्षा डॉ. हेमांगी तांडेल उभ्या होत्या.

“हे अंगण. हे धुकं,” सर झोपेत बोलल्यासारखे म्हणाले. “आणि ही कुणी मुलगी एक्स-रेची फिल्म उलटी धरून उजवीकडची गाठ डावीकडे दाखवतेय.”

सभागृह हसलं. हेमांगीला हसू आलं नाही. ती मुलगी म्हणजे ती स्वतःच होती, तीस वर्षांपूर्वीची, सरांच्या खोलीतली, शिकायला आल्याच्या पहिल्या दिवशीची. तेव्हा खोलीत तिसरं कुणीच नव्हतं. आणि आता सरांनी तिला ओळखलं नव्हतं.

सर पडद्यात हरवून गेले होते. “इथून पुढे काजवे विझत चाललेत. याला हळूहळू आपली माणसंसुद्धा परकी वाटतील.” त्यांचा आवाज हळवा झाला. “बिचारा. याला सांभाळून घेणारं कुणी आहे का गं?”

हेमांगीने नावावरची पट्टी बोटांनी घट्ट दाबून धरली.

“मी आहे, सर.”