रविवारचा रंग

“मंगळवारी कोण येतं, तोईच्या आई?”

पुईला प्रश्नच कळला नाही. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते. तसं तिनं सांगितलंही.

दारिन बाईंनी मान हलवली आणि टेबलावरचा कागद तिच्यापुढं सरकवला. ‘आईचा आठवडा’. बालवाडीनं प्रत्येक आईला भरायला दिलेला. वर सात चौकोन, रोजची भावना रंगवायला. खाली आवडत्या तीन गोष्टी, आणि इतर आयांनी वाचावं असं एखादं पुस्तक. दारिन बाई शाळेत नव्या होत्या. बँकॉकहून मनाचं शास्त्र शिकून आल्या होत्या, त्यामुळं सोंगख्लात त्यांना जो दिसेल तो दुःखीच दिसायचा.

“सोमवार पिवळा, म्हणजे भीती. बुधवार हिरवा, मत्सर. गुरुवारी चिडचिड, शुक्रवारी दुःख, शनिवारी एकटेपणा.” बाईंचा आवाज खाली आला. “आणि मंगळवारी गुलाबी. प्रेम! तोईचे बाबा तर महिना महिना समुद्रात, तेलाच्या विहिरीवर. मग मंगळवारी...”

शेजारच्या खुर्चीतला पान चघळण्याचा आवाज थांबला.

तिथं निअम आजी बसल्या होत्या, पुईच्या सासूबाई. नाव निअम, आणि वागणं सगळं नियमाचं. दर रविवारी पत्तलुंगहून यायच्या, फडताळावरून बोट फिरवून धूळ बघायच्या आणि निघताना तेच वाक्य ऐकवायच्या: “कामावर जाणाऱ्या बाईच्या घरात पोर आणि मांजर सारखीच वाढतात. तोईला माझ्याकडं दे.” आज बाईंचा फोन गेला म्हणून शुक्रवार असूनही आल्या होत्या. मांडीवर रिकामी पिशवी होती. नातीचे कपडे भरायला. 

“आवडत्या गोष्टी,” बाई वाचू लागल्या. “एक, झोप. दोन, झोप. तीन, कोणी हाक मारणार नाही अशी झोप. आणि वाचावं असं पुस्तक: बांगड्याच्या डब्यावरचं लेबल. छोटं आहे आणि शेवटची तारीख आधीच कळते.”

“मासळीच्या कारखान्यात तपासनीस आहे हो मी! दिवसाला चारशे डबे वाचते. पुस्तक कुठलं घेऊन बसू? आणि रंगांचं म्हणाल तर...” पुईनं कागद ओढला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “अहो बाई, हे आपल्याकडचे वारांचे ठरलेले रंग आहेत, त्या त्या दिवशी अंगावर घालायचे! सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी. एका हातानं कढी ढवळत दुसऱ्या हातानं रंगवलंय मी!”

“मागच्या बाजूला सूचना होत्या. कुठल्या रंगाची कुठली भावना ते.”

“मागची बाजू बघायला वेळ असता, तर झोप तीनदा लिहिली असती का?”

आजींनी कागद घेतला. डोळ्यांपासून हातभर लांब धरला. मग स्वतःच्या निळ्या पोलक्याकडं पाहिलं. शुक्रवारी निळ्याशिवाय दुसरा रंग त्यांनी साठ वर्षांत अंगाला लावला नव्हता.

“खरंय तिचं,” त्या म्हणाल्या. “काय हो बाई, एवढं शिकलात आणि वारांचे रंग विसरलात? आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.”

दारिन बाई कानांपर्यंत लाल झाल्या. पुईचा जीव भांड्यात पडला.

“थांब.” आजींचं बोट शेवटच्या चौकोनावर गेलं. “रविवार लाल. हा गुलाबी कसा?”

पुईनं वाकून बघितलं. गुलाबीच होता. पडलेला जीव पुन्हा भांड्याबाहेर आला.

“म्हणजे सहा रंग वारांचे,” दारिन बाई टुणकन सरसावून बसल्या, “पण हा मनातून आलाय!”

“तसं नाही हो, त्याचं काय झालं...”

पण आजींनी कागद उलटला होता. त्यांचं बोट सूचनांवरून खाली खाली सरकत होतं. लाल, संताप. पुईनं डोळे मिटले. लाल रंगवला असता, तर तो दोन्ही बाजूंनी खरा ठरला असता! बोट आणखी खाली सरकलं. गुलाबी, प्रेम.

“रविवारी,” आजी हळूच म्हणाल्या, “रविवारी तर मी येते.”

पुईनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. म्हातारीचे डोळे भरून आलेले बघितले आणि मिटलं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त हायसं वाटलं.

आजींनी रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि काखेत मारली. “पोरगी आईजवळच राहील,” त्यांनी बाईंना बजावलं. दारात थबकून पुईकडं वळल्या. “आणि ऐक. येत्या रविवारी तू झोप. तुला कोणी हाक मारली, तर मी बघते त्याच्याकडं.”

घरी जाताना पुईनं तेलखडूंची नवी पेटी घेतली. दुकानाच्या पायरीवरच ती उघडली, त्यातला एक खडू काढला आणि पर्सच्या तळाशी टाकला.

घरी तोईनं पेटी उघडली आणि भोकाड पसरलं. “आई, यात लाल नाहीच! आता आजीचं पान खाल्लेलं तोंड कशानं रंगवू? मागचा अख्खा लाल त्यातच संपवला ना मी!”

“गुलाबी घे,” पुई म्हणाली. “आजीला आता तोच शोभतो.”