एक सरकी जास्त

टोला, म्हणजे नाल्याअलीकडची वस्ती, गावापासून वेगळा झाला. सौंसरच्या तहसीलीत विचाराल, तर असं काही झालंच नाही. पंचायत तोडायचं साहेब लोक ठरवतात, टोल्यानं स्वतःच मतदान घ्यायचं नसतं, असं तिथल्या बाबूनं पान चघळत सांगितलं.

तर, न झालेलं मतदान असं झालं. अंगणवाडीत एक मडकं ठेवलं. वेगळं व्हायचं त्यानं सरकी टाकायची, गावातच राहायचं त्यानं तुरीचा दाणा. चळवळीचे पुढारी भाऊराव. आपला सरपंच, आपला रस्ता, आपला नळ, हे त्यांचं भाषण टोल्यातल्या बकऱ्यांनाही पाठ झालं होतं.

मडक्यात हात घातला आणि भाऊरावांना बायको आठवली. शांताबाईला गावातच दिली होती. माहेर नाल्यापलीकडे, हाक मारली तर ओ येईल एवढ्यावर. टोला वेगळा झाला, तर हिचं माहेर परक्या गावात जाईल. भाऊरावांनी मुठीतली सरकी हळूच खिशात टाकली आणि तूर सोडली. शांताचीही तूरच असणार. पुढारी निवांत हरायला तयार झाला.

एक सरकी जास्त निघाली.

डफडं वाजायला लागलं. लोकांनी भाऊरावांना खांद्यावर घेतलं. खांद्यावरचा माणूस हरलेला दिसत नाही, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

घरी आले तर शांताबाई ठेवणीतलं पातळ नेसून पिशवी भरत होती.

"कुठं चालली?" भाऊरावांनी विचारलं.

"माहेरी जाऊन राहिली."

"रागानं?"

"रागानं काहून? इतके वर्षं माहेर होतं काय मले? मीठ सरलं त जा, ताक उरलं त जा. बाकीच्या बाया पिशवी घेऊन माहेरी जात, मी वाटी घेऊन. म्हणून त सरकी टाकली. आता मी दुसऱ्या गावची लेक झाली."

भाऊराव खाटेवर बसले.

"बसता काय? सोडाले चाला मले."

नाल्यापर्यंत पिशवी त्यांनीच धरली. पलीकडे तिचा भाऊ श्रीधर बैल धूत होता.

"काय व ताई, विरजण सरलं काय?"

"मले घ्याले ये," शांताबाई म्हणाली.

श्रीधर तिच्याकडे पाहतच राहिला. मग ओले बैल तसेच सोडून घरी गेला, धुतलेला सदरा अन् टोपी घालून आला, नाला ओलांडला आणि भावोजींच्या हातून पिशवी घेतली. शांताबाईनं डोळ्याला पदर लावला. लग्नात तिचं रडणं राहूनच गेलं होतं. रडू फुटायच्या आत सासर आलं होतं.

"जेवत जाजा टायमावर," ती नवऱ्याला म्हणाली आणि वळून वळून पाहत गेली.

तिचं हसू नाल्यापलीकडून भाऊरावांच्या ओसरीत ऐकू येत होतं. ते ऐकत ते तहसीलदारांना अर्ज लिहायला बसले. सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून अर्ज हिंदीत लागतो. पण 'मायका' म्हटल्यानं त्यांचं भागेना, म्हणून मराठीतच लिहिला:

"मतदान झाले नाही, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि अर्जदाराच्या पत्नीस माहेराची नितांत गरज असल्याने, नाल्यापलीकडील गाव निदान एका बसच्या तिकिटाइतके लांब सरकवून देण्यात यावे, ही नम्र विनंती."