अकरा घरांतले मधुकरराव

मरणानंतरही प्रत्येक माणूस एकमेवच उरतो, असं स्मृती-जतन केंद्राच्या दारावर कोरलेलं होतं. मग सॉफ्टवेअर अपग्रेड झालं, प्रत्येक मृताला दिलेला स्वतंत्र क्रमांक पुसला गेला, आणि शहरातल्या अकराही मधुकर कुलकर्ण्यांच्या घरी पडद्यावरून, चेहरा आणि आवाज ज्या त्या घरचाच ठेवून, एकच मधुकर कुलकर्णी बोलू लागले.

कुमुदताईंनी ते पहिल्याच सकाळी ओळखलं. चेहरा ह्यांचाच, आवाजही ह्यांचाच, पण "माझा चष्मा कुठे टाकलास?" असं खेकसण्याऐवजी त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?" उभ्या संसारात हा प्रश्न कधी आला नव्हता.

केंद्रातला साळवी चौकशीला आला, तेव्हापासून ताईंना एका जागी बसवेना.

"काकू, नीट बघून सांगा, हेच ना तुमचे? नसतील तर आजच बदलून देतो."

"आणि हे कुठे जातील?"

"ज्यांचे आहेत त्यांच्याकडे."

"कुमुद, त्यांना चहा टाक," पडद्यावरून आवाज आला. "नाहीतर राहू दे, तुला उठायला त्रास होईल."

"हेच आमचे!" ताई जवळजवळ ओरडल्याच.

साळवीने मान डोलावली आणि तो पुढच्या घरी गेला.

केंद्रात पडून असलेल्या उरलेल्या दहा मधुकर कुलकर्ण्यांची अद्याप अकरापैकी एकाही घरून चौकशी आलेली नाही.