सरासरी अकरा

"तलावावर येणाऱ्यांची रोजची सरासरी, अकरा," नगरपालिकेच्या सभेत अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या मामांना वाटलं, आपल्या कानांतच काहीतरी बिघडलंय.

मामा म्हणजे नगरपालिकेच्या गरम पाण्याच्या तलावाचे रखवालदार. सव्वीस वर्षं तिथल्या फाटकाशी बसून ते साऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे मामा झाले होते. अकरा माणसं तर सकाळी साडेसातच्या आतच पाण्यात असायची. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा लुळा पडून पुन्हा हलायला लागलेला हात. जमिनीवर ज्यांना चार पावलं जड, ती माणसं छातीएवढ्या पाण्यात गप्पा छाटत येरझाऱ्या घालायची.

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, प्रादेशिक वाहतूक निधीतून शहराला नवी बस मिळतेय, पण शहरानं आपला वाटा घातला तरच. वाटा कुठून आणायचा, तर जे कुणी वापरत नाही ते बंद करून. याला त्यानं ‘शहराची आर्थिक तग धरण्याची क्षमता’ असं भारदस्त नाव दिलं होतं. दात काढून जेवणाचा खर्च वाचवण्यातलाच प्रकार होता तो, पण पडद्यावर आलेख मोठा झोकदार दिसत होता.

अकराचा आकडा आला होता फाटकावरच्या फिरत्या लोखंडी दांड्यावरून. माणूस तो ढकलून आत गेला की यंत्रात एक आकडा वाढतो. अधिकाऱ्यानं तीन वर्षांची मोजणी काढून आणली होती.

आता मामांच्या ध्यानात आलं. दांडा बसवला त्या आठवड्यातच त्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. काठ्या अडकायच्या, वॉकर तर आत शिरायचाच नाही, आणि एका आजोबांच्या मांडीला दांडा असा लागला की ते महिनाभर आलेच नाहीत. तेव्हापासून मामा शेजारचं, सामान आणायचं दार रोज सकाळी उघडून ठेवत. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही. दांड्यातून जायची ती धडधाकट माणसं, आणि धडधाकट माणसांना गरम पाण्याचं काय कौतुक? यंत्रानं मोजली होती ती हीच अकरा.

नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं होती. मामांनी घरून लिहून आणलेला कागद बायकोसमोर दोनदा वाचला होता, तो खिशातच राहिला. माइकसमोर उभं राहून त्यांनी सांगून टाकलं की आकडा खरा आहे, पण माणसं त्यात नाहीत. रोज साठ-सत्तर जण येतात, ते बाजूच्या दारानं. मागं बसलेल्या दहाबारा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मामांना त्याचंच जास्त भय वाटलं.

"ते दार कोण उघडतं?"

"मीच."

"आत गेलेल्यांची नोंद?"

म्हाताऱ्यांना तिकीट नव्हतं, म्हणजे तिकिटाचं अर्धुकसुद्धा कुठं शिल्लक नव्हतं.

"नोंद कशाला ठेवू, बाई? मी ओळखतो ना सगळ्यांना."

कुणीतरी हसलं, तेही मायेनंच. एक सदस्य उठले. आपला मामांवर पूर्ण विश्वास आहे, ते म्हणाले, पण निधीवाले विश्वास बघत नाहीत, कागद बघतात. आज आपण सत्तर म्हटलं आणि उद्या त्यांनी पुरावा मागितला, तर तलावही जाईल आणि बसही. मग दुसऱ्या सदस्यांना मामांच्या निवृत्तीची काळजी वाटली. दीड वर्ष राहिलंय, दाराची भानगड कागदावर आली तर चौकशी लागायची. तेव्हा मामांचं बोलणं त्यांच्याच भल्यासाठी इतिवृत्तातून वगळावं, अशी त्यांनी सूचना मांडली. सगळ्यांना ती पटली. साठ-सत्तर माणसं जिथं म्हणून मोजली गेली होती, ती ही एकच जागा, आणि तीही पाच मिनिटांत पुसली गेली. मामांना काही बोलायचं होतं, पण त्यांची तीन मिनिटं संपली होती.

मग तलाव बंद करायचा ठराव आला. नऊपैकी नऊ हात वर गेले.

मामा बाकावर परतले तेव्हा शिवणवाल्या आजींनी सरकून जागा दिली. एके काळी त्या निम्म्या गावाचे कपडे शिवायच्या, आता बोटं फक्त गरम पाण्यात उघडत. मामांना मान वर करवेना.

"मीच गळा कापला तुमचा," ते म्हणाले. "दांड्यातून सोडलं असतं तर आज..."

"दांड्यातून कोण आलं असतं?" आजी म्हणाल्या. "चार दिवसांत घरी बसलो असतो सगळे."

धीर द्यायला म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, होतं ते सांगितलं. दांड्यानं गेले असते तरी तलाव बुडाला असता, दारानं गेले तरी बुडालाच. मामांना वाटलं, आजींनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा विषय नव्या बसचा होता. अधिकाऱ्याचा आवाज आता मोकळा झाला. बसला पायऱ्या नसतील, काठीवाल्यांना, वॉकरवाल्यांना सरळ आत जाता येईल, ज्येष्ठ नागरिकांची ही कितीतरी वर्षांची मागणी आहे, असं त्यानं आवर्जून सांगितलं. मग थांबे वाचले. बाजार, शाळा, दवाखाना, वाचनालय असं करत तो खाली आला.

"आणि शेवटचा थांबा, गरम पाण्याचा तलाव. कुणाची हरकत?"

हरकत कुणाचीच नव्हती.