शिरपूरची गाडी

“बाई, शिरपूरच शे ना?” झुलाल ड्रायव्हरने फॅक्सचा गुळगुळीत कागद जळगावच्या डाळमिलच्या कचेरीच्या खिडकीतून आत धरला. मागे ट्रकमध्ये तूरडाळीची पोती भरून दोरखंडही आवळून झाले होते.

पुष्पाबाईंनी कागद पाहिला. धुळ्याच्या शाखेतून सकीनाने पाठवलेला. वाणी बंधू, शिरपूर. खरं तर माल शिंदखेड्याच्या वाण्यांचा होता. सकाळीच त्यांचा जळगावला फोन आला होता, तो पुष्पाबाईंनीच घेतला होता. घरात लग्न आहे, डाळ आजच्या आज हवी. दोन्ही गावांत वाणी, दोघेही मिलचे गिऱ्हाईक. सकीनाची लिहिताना गफलत झाली होती. झुलालला नुसतं गावाचं नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं.

“कागदावर काय लिहिलंय?” पुष्पाबाई म्हणाल्या.

“शिरपूर.”

“मग मला काय विचारतोस?”

झुलाल गेला. ट्रक मिलच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या बघत राहिल्या. छातीत धडधडत होतं. पण त्या धडधडीत थोडा गोडवाही होता.

फॅक्स येण्याआधी मिलचा धुळ्याशी सगळा कारभार पुष्पाबाईंच्या आवाजावर चालायचा. ट्रंककॉल लागला की त्या अशा ओरडून बोलायच्या, की बाहेर हमाल म्हणायचे, बाईंना फोन कशाला लागतो, धुळ्याला तसंही ऐकू जात असेल. त्याचा त्यांना राग येत नसे. मिलचे मालक पितांबरशेठ घरी निघतानासुद्धा दारात थांबून विचारायचे, “पुष्पाबाई, धुळं काय म्हणतं?” धुळं काय म्हणतं ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं.

मग ते यंत्र आलं आणि धुळ्याला ते सांभाळायला सकीना लागली. शिट्टी वाजायची, सरसर कागद बाहेर यायचा आणि धुळं काय म्हणतं ते शेठ स्वतःच वाचायचे. वर म्हणायचे, “ही सकीना बघा. अक्षर बघा तिचं. एक शब्द परत विचारावा लागत नाही.” चहा घेताना म्हणायचे, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. एकदा तर पुष्पाबाईंचे यजमान काही कामाने मिलमध्ये आले होते, त्यांच्यासमोरही म्हणाले.

पुष्पाबाईंनी सकीनाला कधी पाहिलं नव्हतं. पण मनात तिला पुरती उभी केली होती. तरणीताठी, नखरेल, बोटांत अंगठ्या. आपलं अक्षर तिच्यासारखं व्हावं म्हणून त्या घरी रद्दी कागदांवर गुपचूप अक्षरं गिरवायला लागल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या बाईने! स्वतःचीच लाज वाटायची, आणि मग तो रागही सकीनावरच निघायचा.

ट्रक शिरपूरला दिवसभर उभा राहिला. शिंदखेड्याच्या वाण्यांनी दुसरीकडून डाळ उचलली आणि फोनवर पितांबरशेठना नको नको ते ऐकवलं. शेठनी लगेच धुळ्याला फोन लावला. केबिनचं दार उघडंच होतं. “जमत नसेल तर घरी बस!” हे पुष्पाबाईंना स्वच्छ ऐकू आलं. रिसीव्हर आदळून शेठ बाहेर आले.

“पुष्पाबाई, उद्या धुळ्याला जाऊन या. बघा तिला काही शिकवता येतं का. नाहीतर दुसरी शोधू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लग्नकार्यातली साडी नेसली. एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. एरंडोल गेलं, पारोळा गेला. सकीनाला पहिलं वाक्य काय ऐकवायचं ते त्या मनात घोळवत राहिल्या. दर वेळी ते आणखी धारदार होत होतं.

धुळ्याची शाखा म्हणजे बाजार समितीजवळची एक खोली. यंत्रामागून एक किडकिडीत बाई उठली. डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वयाने जवळपास पुष्पाबाईंएवढीच.

“तुम्हीच पुष्पाबाई?” तिने खुर्ची पुसून पुढे केली, पाणी दिलं. “अक्का, एक सांगू? राग मानू नका. तुमचं तोंडसुद्धा बघू नये असं वाटायचं मला.”

“माझं?”

“शेठ रोज फोनवर ऐकवायचे. जळगावच्या पुष्पाबाई बघ. इतक्या वर्षांत एक चूक नाही. तुला त्यांची सर यायची नाही. अल्ला कसम, मी घरी जाऊन रडायचे. तुमचं नाव आठवलं की घास कडू व्हायचा.”

एस.टी.त घोळवलेलं वाक्य पुष्पाबाईंना आठवेना. शेठ त्यांच्याबद्दल असं बोलतात, हे त्या आज पहिल्यांदाच ऐकत होत्या. तेही हिच्या तोंडून.

सकीना खाली बघत बोलत राहिली. “काल मी सगळं घरी सांगितलं. माझा नवरा म्हणाला, त्या जळगाववालीने कागद पाहिलाच असेल, मुद्दाम गाडी जाऊ दिली. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, जळते मी त्या बाईवर, पण ती तशी नाही. ती कचेरीत असती तर तिने गाडी हलू दिली नसती.” तिने मान वर केली. “तुम्ही काल रजेवर होता ना, अक्का?”

पुष्पाबाईंनी पेला खाली ठेवला.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी हजर होते.”